काय सांगितलं बाईनं?

साळवे मॅडमच्या शोकसभेत जालन्याच्या त्या हॉलमध्ये जो उठेल तो त्यांना शांत म्हणत होता. शांत, संयमी, सोशिक. माझी पाळी आली तेव्हा मीही ‘मॅडमच्या शांत स्वभावातून आम्ही खूप शिकलो’ असं म्हणाले आणि खाली येऊन बसले. बसल्यावर माझाच मला राग आला. साळवे मॅडम कशाच्या शांत? त्यांच्याइतकं अस्वस्थ माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. पण जे सांगायला हवं होतं ते त्या माईकसमोर माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून इथं लिहितेय. लिहायलाही मी खूप दिवस काढले.

मॅडम बसायच्या नाहीत, इथून सुरुवात करते. चहा उभ्यानं. जेवण उभ्यानं, डबा टेबलावर उघडा ठेवायचा आणि खोलीभर चकरा मारत येता-जाता एकेक घास उचलायचा. मीटिंगमध्ये खुर्ची दिली की तिच्या पाठीला पर्स अडकवून स्वतः खिडकीपाशी जायच्या. हातात कायम गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा, त्याची अखंड खुळखुळ. कॉरिडॉरच्या टोकाला तो आवाज आला की सिस्टर मोबाइल खाली ठेवायच्या. कुणी म्हणालंच, “मॅडम, बसा ना जरा,” तर ठरलेलं उत्तर : “बसलं की गंज चढतो. जालन्यात लोखंड काय कमी आहे?”

त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. पण आमच्या जिल्ह्यात त्यांना ओळखायचे ते आम्हाला शिकवणाऱ्या म्हणून. गावोगावच्या शिबिरांत बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी होते. जिच्याबाबत शंका येते तिला पुढं कॉल्पोस्कोपीला पाठवतात. कॉल्पोस्कोप म्हणजे एक दुर्बीणच. पिशवीच्या तोंडावर ॲसिटिक लावायचं, व्हिनेगरसारखं असतं ते, आणि दुर्बिणीतून बघत राहायचं. जिथं पेशी बिघडायला लागलेल्या असतात तिथं हळूहळू पांढरं उमटतं. कुठलं पांढरं निरुपद्रवी, कुठलं उद्याचा कॅन्सर आणि तुकडा नेमका कुठून घ्यायचा, हे ओळखायला मॅडम शिकवायच्या. यंत्र सरकार देतं. नजर कोण देणार?

भोकरदन, जाफराबाद, अंबड, परतूर, कुठून कुठून आम्ही डॉक्टर त्यांच्या ट्रेनिंगला गोळा व्हायचो. मी चाळिशीला टेकलेली, डिग्रीला धूळ बसलेली. पहिल्या दिवशी वाटलं होतं, अंधार करतील, स्लाइड दाखवतील, आपण मागच्या रांगेत डुलकी काढू. मॅडम आल्या त्या मोसंबीची पिशवी घेऊन. प्रत्येकाच्या हातात एक मोसंबी आणि तुकडा घ्यायचा चिमटा.

“साल सुटली पाहिजे. पांढरं दिसलं पाहिजे. रस आला की तुम्ही बाईला उगाच दुखवलं. अन् नुसतीच हिरवी साल निघाली तर तिला उगाच बोलावलं. चला.”

तासाभरात आमचे सगळ्यांचे हात चिकट झाले. मॅडम चकरा मारत प्रत्येकाची मोसंबी बघत होत्या, आणि ज्याची बिघडली त्याचीच सोलून खात होत्या. माझी त्यांनी पूर्ण खाल्ली.

त्यांचा दुसरा हट्ट : आधी काय दिसलं नाही ते सांगायचं. पडद्यावर फोटो आला की आमच्यातला एखादा हुशार लगेच बोलायचा. जाफराबादचे गव्हाणे डॉक्टर तर फोटो पूर्ण उमटायच्या आत ‘हाय ग्रेड!’, म्हणजे कॅन्सरच्या अगदी अलीकडचं, म्हणून मोकळे व्हायचे.

“डॉक्टर,” मॅडम म्हणाल्या, “तुमच्या जाफराबादची जीपसुद्धा सीट भरल्याशिवाय हलत न्हाई. तुम्ही रिकामीच पळवून राह्यले.”

गव्हाणे हसले. “मंग काय बघू मॅडम?”

“वरची कड दिसते का तुम्हाला? आतली अन् बाहेरची कातडी जिथं भेटती ती रेघ, पूर्ण गोल दिसते का? न्हाई ना? वरून ती आत चालली. आत काय आहे तुम्हाला म्हाईत न्हाई. मंग आधी ते म्हणा. ‘मला वरचं दिसलं न्हाई.’ लाजू नका. न दिसलेलं सांगायला जो लाजतो तो बाई मारतो.”

हे वाक्य बोलताना किल्ल्या थांबल्या होत्या, हे मला आता आठवतं. तेव्हा मी फक्त लिहून घेतलं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय, ती म्हणजे ते मिनिट. ॲसिटिक लावलं की निदान एक पूर्ण मिनिट थांबायचं असतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, सगळे वाचतात, आणि गर्दी असली की सगळे सोडतात. टेबलावर बाई अवघडून पडलेली, बाहेर रांग, पंखा बंद. त्या वेळी मिनिट फार लांब असतं. मॅडमनी त्याला एक उपाय काढला होता. त्या मिनिटात बाईशी बोलायचं. आजाराचं नाही, तिचं काहीतरी विचारायचं. आणि बाहेर आल्यावर मॅडम रिपोर्टच्या आधी एवढंच विचारायच्या : “काय सांगितलं बाईनं?”

सांगता आलं तर तुम्ही मिनिट थांबलात. नाही आलं तर आत जा, परत लावा, परत थांबा.

मॅडम स्वतः बसायच्या त्या फक्त एका जागी, दुर्बिणीसमोरच्या त्या गोल स्टुलावर. किल्ल्या ट्रेमध्ये ठेवायच्या. आणि ते मिनिट त्या अशा काही निश्चल व्हायच्या की वाटायचं, दिवसभराची सगळी वणवण या मिनिटाला पोचण्यासाठीच चालली होती. “काय लावलं औंदा रानात? सोयाबीन? मंग भाव काय आला? अन् पोरगं काय करतं?” बाई आधी तुटक बोलायची. मग तिचं अंग सैल पडायचं, मग ती सुरू व्हायची. कुणी शेळी कशी हरवली ते, कुणी जावेनं काय केलं ते.

नावानं नाही, त्या मिनिटात कळलेल्या गोष्टीनं मॅडम बायका लक्षात ठेवायच्या. एकदा आम्ही त्यांच्याबरोबर राजूरला गेलो होतो, चतुर्थीला, गणपतीसमोर मरणाची गर्दी. नारळाच्या दुकानातून एक बाई ओरडली, “ओ मॅडम! माहा डाग गेला का वो?” रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. मी शरमेनं खाली बघितलं. मॅडम तितक्याच मोठ्यानं ओरडल्या, “गेला! बिलकुल साफ! जळगावच्या मावशीचं भांडण मिटलं का?” “कुठलं मिटतंय!” “मंग नारळ दे दोन!” भांडणाचं कसं लक्षात राहिलं विचारलं तर म्हणाल्या, “त्याच्यावरच तर मिनिट निघालं होतं.”

आता माझं.

भोकरदनला ट्रेनिंगचा प्रत्यक्ष कामाचा दिवस होता. दोन टेबलं, पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे गव्हाणे, मॅडम दोन्हीकडे फिरून. दुपार कलली होती. हसनाबादच्या एक द्वारकाबाई आत आल्या, चाळिशीच्या पुढच्या, हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे. मी ॲसिटिक लावलं, दुर्बिणीला डोळा लावला आणि लगेच उठले. स्राव नीट पुसला नव्हता. वरची कड दिसली नव्हती. मिनिट थांबले नव्हते. “काही नाही, उतरा,” म्हणाले.

का केलं असं, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की उत्तरं तयार करून ठेवली होती. गर्दी होती, लाइट गेली होती, घरून फोन येत होता. यातलं काही खरं नाही. मला कंटाळा आला होता. बस्स. दिवसभर बायका बघून कंटाळा आला होता.

बाहेर किल्ल्यांचा आवाज आला. “काय सांगितलं बाईनं?”

आणि मी, न अडखळता : “लेकीचं लग्न ठरलंय म्हणे मॅडम. राजूरला दिलीय.”

मॅडमचा चेहरा खुलला. “अरे वा! म्हणजे पळापळ असणार बिचारीची.” आणि उभ्याउभ्याच, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून, त्यांनी माझ्या रिपोर्टखाली सही केली. एरवी सहीआधी त्या दुर्बिणीनं घेतलेला फोटो बघायच्या. त्या दिवशी पलीकडून गव्हाणेंनी हाक मारली आणि त्या वळल्या.

दोनेक वर्षांनी द्वारकाबाई जालन्याला आल्या, अंगावरून जातंय म्हणून. योगायोग म्हणा, मी त्या दिवशी मॅडमच्या हाताखाली होते, ट्रे घेऊन उभी. मी त्यांना ओळखलं. आधी ओरखडे ओळखले. मॅडम स्टुलावर बसल्या, किल्ल्या माझ्या ट्रेमध्ये ठेवल्या, जुना कागद बघितला, ॲसिटिक लावलं आणि मिनिट सुरू झालं.

“काय द्वारकाबाई, लेकीचं लग्न कसं झालं राजूरचं?”

“लेक?” द्वारकाबाई टेबलावरून म्हणाल्या. “मला कुठली लेक मॅडम? दोन्ही पोरंच हायेत.”

मॅडम माझ्याकडे वळल्या नाहीत. दुर्बिणीला डोळा तसाच. उरलेलं मिनिट त्या पोरांबद्दल विचारत राहिल्या, कितवीला आहेत, कोण रानात जातं. मग तुकडा घेतला. मग हात धुतले आणि किल्ल्या उचलून बाहेर गेल्या. मला वाटलं, आता. आता बोलावतील. दिवसभर मी बोलावण्याची वाट बघितली. त्यांनी बोलावलं नाही.

कॅन्सर निघाला. आधी सापडला असता तर तेवढाच भाग काढून भागलं असतं; आता मोठ्या शहरात नेऊन शेक, म्हणजे रेडिएशन, देणं, महिनोन्महिन्यांच्या चकरा. द्वारकाबाई वाचल्या. हे लिहिताना मला हायसं वाटायला पाहिजे, पण वाटत नाही, कारण त्यानंतर त्या दर सहा महिन्यांनी तपासणीला माझ्याकडेच यायच्या. तोवर मी भोकरदनची प्रमुख झाले होते. हिवाळ्यात आल्या की पदराच्या गाठीत बोरं. “तुमच्या हातगुणानं वाचले, मॅडम.” आणि मी ती बोरं खायचे. त्यांच्यासमोर, हसून.

आणि साळवे मॅडम? त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच होत्या. रागावल्या नाहीत, टाकून बोलल्या नाहीत. फक्त एक केलं. गव्हाणेंना विचारायच्या, नव्या पोरींना विचारायच्या, माझ्यापाशी आल्या की थेट रिपोर्ट हातात घ्यायच्या. ‘काय सांगितलं बाईनं’ हे मला त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. मी न विचारता सांगायला जायचे, “ही बाई म्हणत होती मॅडम...” त्या मान डोलवायच्या आणि फोटो लावायला सांगायच्या. प्रत्येक फोटो. न बघता त्यांनी परत कधी सही केली नाही. त्यांच्या खोलीभरच्या चकरा वाढल्या होत्या, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

मॅडम निवृत्त झाल्या, ट्रेनिंग माझ्याकडे आलं. मोसंब्या मीच आणायला लागले. मिनिटही मीच शिकवायला लागले. यात किती निर्लज्जपणा होता ते मला कळत होतं, पण शिकवण्यासारखं दुसरं होतंच काय? मग एके दिवशी एक तरुण डॉक्टर पडद्यामागून बाहेर आली, मी विचारलं, “काय सांगितलं बाईनं?” आणि ती म्हणाली, “भावाकडं जायचंय म्हणत होती मॅडम, मंठ्याला.” फार गुळगुळीत आलं ते. खरं मिनिट असं येत नाही, अडखळत येतं, त्यात एखादी जाऊ, एखादी शेळी असते. मला कळलं की ती खोटं बोलतेय. तिला आत परत पाठवायला हवं होतं, पण कुठल्या तोंडानं? शेवटी मीच आत गेले, परत ॲसिटिक लावलं, मीच थांबले.

घरी आल्या आल्या मॅडमना फोन लावला. “मॅडम, द्वारकाबाईंचं बोलायचं होतं.”

पलीकडे खुळखुळ चालू होती. ती थांबली. “उद्या सकाळी येते,” म्हणाल्या. “हसनाबादला जाऊ.”

गाडी त्याच चालवत होत्या, नेहमीसारखी, गिअरवर राग काढत. तब्येत उतरली होती. राजूर मागं पडलं. मग मी म्हणाले, “मॅडम, मी मिनिट थांबले नव्हते.”

“ठाऊक आहे.”

“लेकीचं मी मनानं सांगितलं होतं.”

“शैला, मी तिथंच होते. तू ट्रे घेऊन उभी होतीस.”

मला एकदम राग आला. इतक्या वर्षांचा तो कुठून आला कोण जाणे. “मग तुम्ही बोलला का नाहीत? एक शब्द?”

समोरून उसाची ट्रॉली येत होती. मॅडमनी गाडी कडेला घेऊन तिला जाऊ दिलं.

“सही माझी होती. फोटो बघितला न्हाई मी त्या दिवशी. चौकशी लागली असती, तू गेली असतीस, मी गेले असते, ट्रेनिंग बंद पडलं असतं. इतक्या बायांचं नुकसान नको, असं मी मनाला सांगितलं. चांगलं वाटतं ना ऐकायला? मलाही वाटायचं.” त्यांनी गिअर बदलला. “घाबरले होते, दुसरं काही न्हाई. मंग वाटलं, तू बोलशील. तू बोलली की मी बोलेन. तुझ्या जिवावर काढली इतकी वर्षं.”

द्वारकाबाईंचं घर गावाच्या कडेला. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस. मॅडम उंबऱ्याबाहेर थांबल्या. “आधी तू जा. तुझं मिनिट तुझं.”

“या, या! च्या ठेवते,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“चहा नको. मला बोलायचंय.” मी उभीच राहिले आणि सांगितलं. तुम्ही पहिल्यांदा भोकरदनला आलात तेव्हा औषध लावून एक मिनिट थांबायचं होतं, मी थांबले नाही. नीट पुसलं नाही. काही नाही म्हणून घरी पाठवलं. तेव्हाच दिसलं असतं बहुतेक. लहान असताना. इतकं सोसावं लागलं नसतं.

द्वारकाबाई कापसातली काडी निवडत होत्या. हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मंग येवढी वर्सं माह्या हातची बोरं कशी गेली वो घशाखाली?”



“तुमाला म्हाईत हाय का ह्या घरात काय झालं? समदे म्हनले, हिनं तपासलंच न्हाई. भोकरदनचा बाजार करून आली अन् तपासलं म्हनून ठोकून दिलं. शिकलेली डॉक्टर कशाला खोटं सांगंल, म्हनले. मंग खोटी कोन? मी! माह्या आळसानं येवढा खर्चा झाला, हे रोज ऐकलं मी. भाकर वाढताना ऐकलं.” त्या उठल्या, मागच्या दाराशी गेल्या. “ओ भावजी! इकडं या! मालकालाबी आना!”

दीर आणि नवरा हात पुसत आले. द्वारकाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “आता बोला. मघा बोलल्या तसंच. जरा मोठ्यानं.”

मी परत सगळं सांगितलं. मोठ्यानं.

दीर म्हणाला, “जाऊ द्या ना वैनी. झालं गेलं...”

“गप बसा भावजी. तुमी लय बोलले.”

नवरा मान खाजवत खाली बघत होता. “मला वाटलं...”

“हां. वाटलं. येवढी वर्सं नुसतं वाटलंच.” मग माझ्याकडे वळल्या. माफ केलं वगैरे त्या म्हणाल्या नाहीत. मला ते हवं होतं की नाही, अजून कळत नाही. “बोरं न्हाई आनायची आता मी. पन तपासायला तुमच्याकडंच येईन. तुमी आता मिनिट सोडायच्या न्हाई.”

मी बाहेर आले. मॅडम ओट्याला टेकून उभ्या होत्या, मुठीत किल्ल्या घट्ट धरून. त्यांना आतलं सगळं ऐकू आलं असणार. दार उघडंच होतं. तरी त्यांनी विचारलं,

“काय सांगितलं बाईनं?”

मी सांगितलं, अडखळत, शब्द न शब्द. बोरांचं, भाकरीचं, तपासायला येईन ते.

मॅडमनी मान डोलवली. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि खाली वाकून, उंबरा ओलांडून आत गेल्या. त्या दिवशी परतल्यावर त्या पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या, पुन्हा आमची भेट झाली नाही. म्हणून माझ्यापुरत्या मॅडम अजून त्या खोलीत आहेत. दारातून मला दिसल्या त्या अशा. दीर खुर्ची आणायला धावला, त्याला त्यांनी हातानं अडवलं. कापसाच्या ढिगाशेजारी, द्वारकाबाईंच्या समोर, गुडघ्याला हात लावत त्या खाली जमिनीवर बसल्या. पाठ सरळ, हात मांडीवर, स्टुलावर बसायच्या तशा.

काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, ओट्यावरून थोडी लांब जाऊन उभी राहिले. किल्ल्या माझ्या मुठीत होत्या. मी त्या वाजू दिल्या नाहीत.